डावीकडचे दिवे

मला चिडायला फारसं कारण लागत नाही. चाळीस वर्षं लोकांचे टीव्ही, रेडिओ आणि मिक्सर दुरुस्त केले की माणूस असाच होतो. गिऱ्हाईक वस्तू टेबलावर ठेवतं आणि म्हणतं, "आपोआप बंद पडली." अहो, आपोआप काही बंद पडत नाही. कुणीतरी त्यात चहा सांडलेला असतो, कुणीतरी रागाने आपटलेली असते, आणि ते कबूल करायला जीभ जड होते. मी स्क्रू काढायच्या आधी माणसाच्या तोंडाकडे बघायचो. निम्मं निदान तिथेच व्हायचं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात मी नेमकं हेच केलं नाही.

दुकान बंद करून पाच वर्षं झाली. मी त्याच दुकानाच्या वरच्या खोलीत राहतो. खाली आता एक तरुण मुलगी फोनची कव्हरं विकते आणि मला "आजोबा" म्हणते. आजोबा व्हायला आधी बाप व्हावं लागतं, आणि त्याच्या आधी नवरा. माझं लग्न राहून गेलं. आधी म्हटलं दुकान बसू दे, मग म्हटलं बहिणीचं होऊ दे, मग लोकांनी विचारायचंच सोडून दिलं.

दुकान बंद झालं तेव्हा बागेतल्या बाकावरच्या आम्ही चौघांनी फोनवर एक ग्रुप काढला. एक कंपाउंडर, ज्याने आयुष्यभर दवाखान्यात पुड्या बांधल्या. एक लायब्ररीतल्या बाई. तिसरा डबलबेल आणि चौथा मी. डबलबेल म्हणजे रिटायर्ड बस कंडक्टर. तेहतीस वर्षं बसच्या दाराशी उभं राहून दोरी ओढली. दोन टोले पडले की गाडी हलायची. ती सवय त्याच्या जिभेवर बसली. फोन ठेवताना "चल, डबल बेल" म्हणायचा आणि समोरचा काही बोलायच्या आत ठेवून मोकळा.

ग्रुपचे नियम मी घातले. सल्ला फुकट असला म्हणून शिस्त नको असं थोडंच आहे? पहिला नियम: ज्याचं बिघडलं त्याने फोन करायचा. दुसऱ्याने आपण होऊन "सगळं ठीक चाललंय ना" असं विचारायचं नाही, कारण असं विचारलं की माणसाला धडधाकट फ्रिजचाही आवाज येऊ लागतो. दुसरा: माझा पहिला प्रश्न कायम एकच, "दिवा लागतोय का?" त्याचं उत्तर आल्याशिवाय पुढे बोलणं नाही. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, कारण प्लगच लावलेला नसतो. तिसरा: मी कुणाच्या घरी येणार नाही. मी सांगेन, तुम्ही करायचं. बाई म्हणाल्या, "म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या." म्हटलं, बघा तर हाकून.

आणि हाकल्या. कंपाउंडरला मी फोनवरून मिक्सरचे कार्बन ब्रश बदलायला लावले. बाईंना शिकवलं की रिमोट चालेनासा झाला तर त्याचं तोंड फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरायचं आणि बटण दाबायचं. आत ठिणगीएवढा उजेड दिसला तर रिमोट जिवंत आहे, बिचाऱ्याला उगीच बदलू नका. त्या दिवशी बाईंनी घरातले सगळे रिमोट तपासले आणि शेजारणीचेही. चार्जरच्या भोकातला कचरा सुईने काढायचा नाही, लाकडी काडीने काढायचा, हे सांगितल्यावर डबलबेलने लिहिलं की त्याचा फोन दोन वर्षांनी पोटभर जेवला. दिवस बरे होते.

प्रत्येक तक्रार मी वहीत लिहायचो. दुकानातली सवय. डावीकडून चार रकाने: तारीख, वस्तू, दोष, उपाय. डावीकडच्या समासात काही शंका असली तर पेन्सिलीने लिहायची. शाईने लिहिलं ते खरं, पेन्सिलीने लिहिलं ते माझ्यापुरतं.

मग कंपाउंडर गेला. एका सकाळी, झोपेतच. बाईंच्या घरी त्यांची नात राहायला आली, आणि नातीला सगळं येतं. ग्रुपमध्ये आता बाई सकाळी फुलांचे फोटो टाकतात, आणि फुलं काही बिघडत नाहीत. उरला डबलबेल. त्याची बायको जाऊन सात वर्षं झाली होती, लेक दुसऱ्या शहरात, आगगाडीने एका दिवसाच्या वाटेवर. माझ्यापासून तो दोन बस लांब, एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. आता गुडघ्यांमुळे बाकावर येणं दोघांनीही सोडलं होतं.

पण नशीब माझं, की त्याच सुमारास त्याच्या घरातल्या वस्तू बिघडायला लागल्या.

पहिली तक्रार मायक्रोवेव्हची. "अरे, ह्याच्या घड्याळात तास दिसत नाहीत, नुसती मिनिटं दिसतात."

"दिवा लागतोय का?"

"लागतोय की. पंचेचाळीस दिसतंय. कशाचे पंचेचाळीस ते देवाला ठाऊक."

प्लग काढायला लावला, पाच मिनिटं थांबायला लावलं, परत लावायला लावला. फरक नाही. डिस्प्लेचा अर्धा भाग जळाला, असं वहीत लिहिलं आणि त्याला म्हटलं, भिंतीवरचं घड्याळ बघ, ते अजून फुकट आहे.

आठवड्याने फोनची तक्रार. मेसेज मधूनच सुरू होतात, सुरुवातीचे शब्द येतच नाहीत. अक्षरं लहान करायला सांगितली, तर म्हणाला, "वा, बरंच सुधारलं." मी खूश. मग टीव्ही. पडद्यावरच्या पट्टीतली बातमी अर्धवट दिसते. सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा आकार बदलायला लावला. तासभर गेला, माझा घसा बसला, त्यालाही घाम फुटला, पण मजा आली. मग वॉशिंग मशीनचं चालू करायचं बटण गायब झालं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "सापडलं. होतं तिथेच होतं." आम्ही दोघं पोट धरून हसलो.

त्यानंतर तो रोज चार वाजता फोन करू लागला. नवं काही बिघडलं नसेल तर जुन्याच तक्रारीचं पुढचं सांगायचा. मी पावणेचारला चहा टाकायचो, वही उघडायचो, चष्मा पुसायचो. दुकान उघडायच्या आधी शटरला तेल घालायचो, तेव्हा वाटायचं तसंच वाटायचं. खोटं कशाला बोलू, त्या चार महिन्यांत मी सुखी होतो.

शेगडीची तक्रार मात्र त्याने दबक्या आवाजात केली. दोन बर्नरची शेगडी, त्यातला डावीकडचा म्हणे आपोआप चालू राहतो. लेक भेटायला आली होती, तिने पाहिलं. वर रिकामं पातेलं, खाली जाळ.

"लेक काय म्हणाली माहितीये? बाबा, आता एकदा जरी असं काही झालं ना, तर तुम्हाला उचलून घेऊन जाईन. अरे, मी काय सामान आहे का उचलायला?"

"मग जा की," मी म्हटलं. म्हणायचं म्हणून म्हटलं.

"तिथे मला कोण आहे? तिचं घर नवं कोरं आहे. काही बिघडतच नाही." मग थांबून म्हणाला, "तू कुणाला सांगू नकोस."

मी शेगडीची खुंटी झिजली असेल म्हणून बदलून घ्यायला लावली आणि वहीत तसं लिहिलं.

मग एका सोमवारी राउटर आला. इंटरनेटची ती डबी, पुढे ओळीने चार दिवे असलेली.

"दिवा लागतोय का?"

"दोनच लागतायत. उजवीकडचे दोन."

"डावीकडचे?"

"डावीकडे दिवेच नाहीत."

मी चिडलो. म्हटलं, चार दिवे असतात, ती डबी मीच तुला घ्यायला लावली, मला सांगतोस? तो म्हणाला, बाबा रे, दोनच आहेत, हवं तर हात लावून मोजतो. मी पेन उघडून लिहायला लागलो, "पॉवरचा दिवा बंद", आणि हात थांबला. त्या डबीत पॉवरचा दिवा सगळ्यात डावीकडे असतो. पॉवरच नसेल तर उजवीकडचे दोन लागतील कसे? आणि तो माझ्याशी बोलत होता तो फोन कुठून चालला होता? त्याच डबीच्या इंटरनेटवरून. आवाज तर खणखणीत येत होता.

म्हणजे डबी ठणठणीत होती.

मी त्याला म्हटलं, उद्या बघू. तो "चल, डबल बेल" म्हणाला. मग मी वहीची चार महिन्यांची पानं उलटली. घड्याळातले तास डावीकडे असतात. मेसेजची सुरुवात डावीकडे. टीव्हीवरची ओळ तशीच. वॉशिंग मशीनचं बटण डावीकडे, बर्नर डावीकडचा. सतरा तक्रारी, सतराही डाव्या हाताच्या. मी मात्र एकेका वस्तूला औषध देत बसलो होतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. बिघाड वस्तूत नव्हताच, बिघाड माझ्या मित्रात होता.

मी पेन्सिल घेतली आणि समासात लिहिलं: "डावी बाजू?" पुढे त्या सोमवारची तारीख घातली. तारीख घातल्याशिवाय मला काही लिहिताच येत नाही.

आता कुठलाही शहाणा माणूस काय करेल? चप्पल घालेल आणि निघेल. निदान लेकीला फोन करेल. मी दोन्ही केलं नाही. मी स्वतःला सांगितलं की खात्री झाल्याशिवाय निदान तोंडातून काढायचं नाही, हा धंद्याचा धर्म आहे. मंगळवारी त्याला म्हटलं, तुझ्या समोरच्या कपाटात काय काय आहे सांग बरं, मला एक वस्तू आठवत नाही. त्याने डबे, कप, रेडिओ सांगितला. बायकोचा फोटो सांगितला नाही. तो फोटो कपाटात डावीकडे असतो, ग्रुपच्या आधी एकदा गेलो होतो तेव्हा मी स्वतः पाहिलेला आहे. बुधवारी आणखी एक परीक्षा, गुरुवारी आणखी एक. उत्तर रोज तेच, आणि मी रोज म्हणायचो, उद्या एकदा बघू.

खरी गोष्ट सांगतो. मी सांगितलं असतं तर लेक आली असती आणि त्याला घेऊन गेली असती. मग चार वाजता माझं काय झालं असतं? तोच म्हणाला होता ना, कुणाला सांगू नकोस, असाही एक मुद्दा मी मनात घासूनपुसून ठेवला होता. माणूस स्वतःला फसवायला बसला की वकीलही झक मारतो.

असे अकरा दिवस गेले.

अकराव्या दिवशी चार वाजता तो हसतच बोलायला लागला. "आज गंमत झाली. दूध आणायला रस्ता ओलांडत होतो, तर एक मोटारसायकल अंगावर आली. आली कुठून तेच कळलं नाही रे. तेहतीस वर्षं दारात उभा राहिलो, मागून येणारी सायकलसुद्धा सुटली नाही नजरेतून. कोपर सोलवटलंय थोडं. बाकी ते जाऊ दे, फ्रिजचं सांगतो."

"कुठल्या बाजूने आली?" मी विचारलं.

"कळलं असतं तर लागलं असतं का?"

मी फोन ठेवला. पहिल्यांदाच, त्याच्या डबल बेलच्या आधी. वही पिशवीत टाकली, सवयीने टेस्टर खिशात घातला आणि माझा तिसरा नियम मोडून दोन बस बदलून त्याच्या घरी गेलो.

दार त्यानेच उघडलं. त्याने दाढी केली होती, पण अर्धीच. उजवा गाल गुळगुळीत, डाव्या गालावर आठवड्याभराचे पांढरे खुंट. त्याला त्याचा पत्ताच नव्हता. "अरे तू! तू आणि घरी? नक्की कोण मेलं?" म्हणाला. कोचावर मी, बागेतल्या बाकावर बसायचो तसाच, त्याच्या डावीकडे बसलो. तो बोलत राहिला आणि मग एकदम गप्प झाला, उजवीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं.

"कुठे गेलास रे?"

"इथेच आहे," मी म्हटलं.

तो आवाजाच्या दिशेने चाचपडत वळला. एवढ्या जवळ बसून मी त्याला दिसत नव्हतो. कोपराच्या जखमेवर त्याने पट्टी लावली होती, ती जखमेच्या उजवीकडे, कोऱ्या कातडीवर. मी ती काढून नीट लावली. स्वयंपाकघरात डावा बर्नर मंद जळत होता, तो बंद केला. राउटरचे चारही दिवे हिरवेगार होते.

त्याला रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. वाटेत तो म्हणत होता की कोपराला एवढं कशाला. मी रिक्षावाल्याला घाई करत राहिलो. त्याच्या फोनवरून लेकीला फोन केला. ती म्हणाली, "काका, मी निघते," आणि तिचा आवाज फुटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पोचली. डॉक्टरबाई तरुण होत्या, पण बोलणं नीट, समजेल असं. डोळे चांगले आहेत म्हणाल्या. मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी झाली, चारेक महिन्यांपूर्वी, लहानशी. तेव्हापासून डावीकडे काही आहे हेच मेंदू विसरतो, आणि विसरलोय हेही त्याला कळत नाही. "आणि एक नवीन आहे," त्या म्हणाल्या. "ही ताजी आहे. गेल्या आठ-दहा दिवसांतली. त्याच्या आधी औषध सुरू झालं असतं तर कदाचित टळली असती. कधीपासून होतंय हे, काही सांगता येईल?"

डबलबेल पलंगावर बसला होता. छाती पुढे काढून म्हणाला, "सगळं लिहिलेलं आहे. ह्याला विचारा. वही दाखव रे."

मी पिशवीतून वही काढून दिली. दुसरं काय करणार होतो? डॉक्टरबाई वाचत गेल्या. "इतकी नीट नोंद आम्हीसुद्धा ठेवत नाही," असं म्हणाल्या. लेक म्हणाली, "काका, तुम्ही होतात म्हणून." मग डॉक्टरबाई राउटरच्या ओळीपाशी आल्या. त्यांची नजर डावीकडे समासात गेली, तिथे थांबली, आणि मग माझ्याकडे आली. औषधांचं सांगायला लेकीला घेऊन बाहेर गेल्या आणि वही पलंगावर ठेवून गेल्या.

डबलबेलने वही उचलली. डोळ्यांसमोर धरून मोठ्याने वाचायला लागला. "बटण सापडत नाही. उपाय, शांत बसा. हे तू लिहिलंस? शांत बसा?" हसला. पान उलटलं. "दोनच दिवे लागतात. उपाय..." तिथे कोरं होतं. "इथे उपाय नाही लिहिलास." तो वहीचा उजवा भाग तेवढा वाचत होता. तारखांचा रकाना त्याच्यासाठी नव्हताच. समासही नव्हता. माझी पेन्सिल त्याच्या बोटापासून वीतभर अंतरावर होती आणि ती त्याला जन्मात दिसणार नव्हती.

वही मिटून पिशवीत घातली असती तर संपलं होतं. डॉक्टरबाई बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. लेक मला दुवा देत होती. मी बराच वेळ त्याच्या अर्ध्या दाढीकडे बघत बसलो.

"डावीकडे काही लिहिलंय," मी म्हटलं.

"काय?"

"वाचून दाखवतो." मी वही घेतली आणि वाचलं. डावी बाजू, प्रश्नचिन्ह, आणि तारीख.

त्याने बोटांवर मोजलं. कंडक्टरचा हिशेब, चुकायचा नाही. "आज बारावा दिवस. म्हणजे तुला अकरा दिवस माहीत होतं."

"हो."

"आणि तू मला कपाटातल्या वस्तू विचारत होतास."

"हो."

"का रे?"

मी खूप कारणं तयार ठेवली होती. ती सगळी बाजूला ठेवली. "तू गेला असतास," मी म्हटलं. "मग चार वाजता फोन आला नसता."

तो माझ्याकडे बघत होता. मी त्या दिवशी मुद्दाम उजवीकडे बसलो होतो, म्हणजे मी त्याला पूर्ण दिसत होतो. दिसलो नसतो तर बरं झालं असतं. मग त्याने चादर सारखी केली आणि हळू आवाजात म्हणाला, "चल. डबल बेल."

मी उठलो.

चौथ्या दिवशी लेक त्याला घेऊन गेली. मला बाईंकडून कळलं. घराची किल्ली शेजाऱ्यांकडे दिली म्हणे. आत टीव्ही, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन, सगळं आहे आणि सगळं उत्तम चालू स्थितीत आहे.

माझा मात्र पावणेचारचा चहा सुटेना. चहा टाकायचो, वही उघडायचो, फोन समोर ठेवायचो. पहिल्या आठवड्यात वाटलं, त्याला बरं नसेल. दुसऱ्यात वाटलं, नव्या घरात काही बिघडत नसेल. तिसऱ्या आठवड्यात मला माझ्या फोनचाच संशय आला. आवाज वाढवलेला होता. रेंज होती. बंद करून चालू केला. तरी खात्री वाटेना, म्हणून खाली जाऊन कव्हरवाल्या मुलीला म्हटलं, जरा तुझ्या फोनवरून मला फोन लाव. तिने लावला. माझ्या हातात तो कर्कश वाजला.

"वाजतोय की, आजोबा," ती म्हणाली.

"वाजतोय," मी म्हटलं आणि जिना चढून वर आलो. फोनमध्ये काहीही बिघाड नव्हता. हे कळल्यावर मला जेवढं एकटं वाटलं तेवढं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. दुकान विकलं त्या दिवशीही नाही.

त्यानंतर मी एक काम केलं. नवी वही आणली, कारण जुनी उघडवत नव्हती. पट्टी घेऊन रकाने आखले आणि जुन्या वहीतल्या त्याच्या सतरा तक्रारी पुन्हा लिहून काढल्या. चार दिवस लागले. समासातली ती ओळही लिहिली, आणि ह्या वेळी शाईने. खाली फोन न आलेल्या दिवसांच्या तारखाही मांडत गेलो.

काल चार वाजता चहा घेऊन बसलो होतो, आणि माझाच पहिला नियम आठवला. ज्याचं बिघडलं त्याने फोन करायचा. मी आजवर त्याच्या फोनची वाट बघत होतो, जसं काही बिघडलं त्याचंच होतं. काखेत कळसा म्हणतात तसं. दिवसभर नाही, सहा आठवडे मी गावाला वळसा घालत होतो.

नंबर लावला. खूप वेळ वाजला. मग उचलल्याचा आवाज आला, पण पलीकडून कुणी बोलेना. मागे लेकीच्या घरातला टीव्ही चालू होता. मिक्सर चालत नाही, असं सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं. मिक्सर टेबलावर काढूनही ठेवला होता, म्हणजे खोटं अगदीच उघडं वाटायला नको.

"माझं बिघडलंय," मी म्हटलं.

तो म्हणाला, "दिवा लागतोय का?" आवाज थोडा जड झाला होता. त्या दुसऱ्या गुठळीने शब्द ओढले जात होते.

"लागतोय. पण चार वाजता वाजत नाही."

"किती दिवस?"

"एकेचाळीस."

"लिहून ठेवलेत?"

"ठेवलेत."

"कुठल्या बाजूला लिहिलेस?"

मी नवी वही उघडली. उपाय, दोष, वस्तू, आणि सगळ्यात शेवटी, पानाच्या उजव्या कडेला, तारीख. समासही मी तिकडेच सोडला होता.

"उजव्या," मी म्हटलं.

टीव्हीचा आवाज येत राहिला. चहावर साय धरली. मी फोन कानाला लावून बसून राहिलो, पण त्याने डबल बेल दिली नाही.